सहा हजार त्र्याऐंशीचा बोल्ट

१

रायफल हातात आली की मी आधी तिला नाक लावतो. लोक हसतात. हसू देत. डोळ्यांना फसवणारे छप्पन्न भेटले मला, नाकाला फसवणारा अजून एक भेटायचाय. रायफलीच्या जुन्या लाकडी दस्त्याला अळशीच्या तेलाचा, लोखंडाचा आणि कुणाच्या तरी माळ्याचा वास असतो. परवा कुणी लाकूड घासून नवं केलं असेल तर सुताराच्या दुकानाचा वास येतो. मग मालक आईची शपथ घेवो नाहीतर बायबलवर हात ठेवो, मी रायफल त्याच्या हातात परत देतो आणि म्हणतो, "घरी जा."

मी ओरिन फेल्कर. सहावीत शाळा सोडली आणि एकोणचाळीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या डोंगरी पट्ट्यात कुणाच्या माळ्यावर आजोबांनी आणलेली जर्मन रायफल निघाली, की ती खरी का जोडतोड केलेली हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. मी गोड बोलत नाही, तरी येतात. मला आवडतात त्या दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातल्या. तेव्हा त्यांच्याकडे वेळ नव्हता, चांगलं पोलाद नव्हतं, माणसं नव्हती. कानशीचे ओरखडे तसेच ठेवलेले, पट्ट्या पत्र्याच्या, स्क्रू सुताराचे. घाईत बनवलेल्या वस्तूला खोटं बोलायला फुरसत नसते.

१९९८च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, पॉलीन ड्युगन आली. शाळेची बस चालवते ती. सकाळची फेरी संपवून सरळ माझ्या दारात. काखेत जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

"मिस्टर फेल्कर, बूट काढू का?"

"काढ. नाहीतर मॅक्सीन तुला सोडेल आणि मला हाणेल."

मॅक्सीन माझी बायको. मी ते गाठोडं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं तशी ती ओरडली, "तिथं नको! तिथं आपण जेवतो!"

"तिथं तुझी बहीण कोपरं टेकते, तेव्हा नाही बोलत."

"माझ्या बहिणीनं कुणाला मारलेलं नाहीये."

"तिच्या नवऱ्याला विचार."

पॉलीन हसली नाही. उभीच राहिली. तिचा बाप मर्ल ड्युगन म्हणजे आमच्या गावचा जुना माणूस. वय शहात्तर, फुप्फुसं गेलेली, वर्षभर डोंगरावरच्या माजी सैनिकांच्या वृद्धाश्रमात पडून होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, ईस्टर दिसला तर नशीब.

मी ब्लँकेट उघडलं, नाक लावलं. खरी होती. १९४५च्या सुरुवातीची. नळी, दस्ता, पट्ट्या, चापाची कमान, जिथं जिथं आकडा असायला हवा तिथं तिथं तोच आकडा, ६०८३. पुढच्या पट्टीखाली दस्ता करवतीनं कापून पुन्हा जोडलेला. घरी आणताना ती किटबॅगेत मावायची नाही, म्हणून आपली पोरं असंच करायची. मला तर ती करवतीची खूण बघून बरंच वाटतं. कुणा दुकानदाराच्या हाताखालून ती गेलेली नाही, असा त्याचा अर्थ.

एकच गोष्ट नव्हती. बोल्ट नव्हता. हातानं मागंपुढं सरकवून नळीचं तोंड बंद करतात ना, तो. त्याच्याच पोटात काडतुसावर आपटणारी सुई असते. त्याच्याशिवाय रायफल म्हणजे मूठ असलेला पाइप.

"विकायची आहे?"

"नाही," पॉलीन म्हणाली. "बाबांसाठी आणलीय. झोपत नाहीत, मिस्टर फेल्कर. दिवसभर एकच चाललंय, बोल्ट, बोल्ट. रायफल माळ्यावर आहे ना, बोल्ट नाही ना तिला, असं दहादा विचारतात. मला वाटतं त्यांना ती पुरी झालेली बघायचीय. तुमच्याकडे मिळेल का एखादा? ते सुखानं जावेत एवढंच मला हवंय. बाकी काही नको."

मी म्हटलं, बघतो.

२

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी काय मूर्खपणा केला ते कळायचं नाही.

जर्मन शरण आले तेव्हा रायफली एका ढिगात टाकायला लावल्या आणि बोल्ट काढून दुसऱ्या ढिगात. पुन्हा कुणाला त्या चालवता येऊ नयेत म्हणून. नंतर आपल्या पोरांनी आठवण म्हणून या ढिगातली एक रायफल उचलली, त्या ढिगातला एक बोल्ट. त्यामुळे इकडे आलेल्या रायफलींत बहुतेकींना दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट बसलेला असतो. माझ्यासारख्या माणसांकडे मग अनाथ बोल्टांचा एक खण असतो. आकडे पाठ असतात. कुठं कुणाकडे तोच आकडा असलेली रायफल निघते का, यावर जन्म काढतो आम्ही. निघत नाही. माझ्या ओळखीत दोघांना निघाली, आणि त्यातला एक खोटारडा आहे.

माझ्या खणात एकवीस होते. सतरावा ६०८३.

तो मी १९६७ साली बंदुकांच्या एका बाजारात बादलीतून उचलला होता. बादलीत तसे शंभर असतील. का उचलला? आकड्यातल्या ३ची खालची वाटी तुटकी होती. ज्या ठशानं तो आकडा मारला त्याचाच टवका उडालेला असणार. लेथवरच्या माणसाला असलं दिसतं.

पॉलीन गेल्यावर मी भिंग घेतलं. रायफलीवरच्या प्रत्येक ३ची खालची वाटी तुटकी होती.

आता मी काही दूधखुळा नाही. आकडे दहा हजारांपर्यंत गेले की कारखाने पुन्हा एकपासून सुरू करायचे, पुढे अक्षर बदलून. बोल्टवर ते अक्षर असतंच असं नाही. म्हणजे ६०८३चे बोल्ट जगात डझनभर असू शकतात. पण तुटका ठसा डझनभर नसतो.

माझी कामाची खोली घराच्या मागं आहे, जुन्या पडवीला भिंती घालून केलेली. तिथं मी मुद्दाम शेगडी ठेवत नाही. गरम-गार झालं की लोखंडाला घाम फुटतो. तिथं, कोट घालून, मी तो बोल्ट ६०८३मध्ये सरकवला. परका बोल्ट थोडा तरी कुरकुरतो, कुठंतरी अडतो. हा गेला. हात धुतलेल्या माणसानं स्वतःच्याच कोटाच्या खिशात हात घालावा तसा गेला.

एकतीस वर्षं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आत स्वयंपाकघरात आलो तर मॅक्सीन म्हणाली, "काय झालं? कुणी मेलं?"

"उलट."

"मग तोंड पूस. आपल्या लग्नात नव्हता रडलास."

"तेव्हा आकडे जुळले का नाही ते माहीत नव्हतं."

पॉलीनला फोन करायला हवा होता. त्याहून आधी, मर्लला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आमच्या जातीच्या माणसाला जुळणारा आकडा दिसला की तो परवानगी मागत नाही. त्याला वाटतं परवानगी त्या आकड्यातच आहे.

३

बोल्टच्या शेपटाला एक बोंड असतं. आतली स्प्रिंग ताणलेली असली, म्हणजे रायफल चाप ओढायला तयार असली, की बोंड बोटभर बाहेर येतं. चाप धरून बोल्ट बंद केला की स्प्रिंग सैल पडते आणि बोंड आत बसतं. स्प्रिंग ताणून ठेवणं म्हणजे तिचं वाटोळं. म्हणून रायफल ठेवताना बोंड आत, हे माझ्या हाताला झोपेतही येतं.

बुधवारी मी ती बोंड आत करून बाकावरच्या आडणीत ठेवली. आडणी म्हणजे फेल्ट लावलेल्या दोन लाकडी खोबणी.

गुरुवारी सकाळी दहा वाजता गेलो तर बोंड बाहेर.

म्हटलं, म्हातारा झालास ओरिन. बोंड आत केलं. वहीत लिहिलं, "गुरुवार. बोंड आत." सही केली. स्वतःच्या वहीत स्वतःसाठी सही करणारा माणूस किती घाबरलेला असतो ते तुम्ही ठरवा. मी तेव्हा म्हटलं की शिस्त आहे.

शुक्रवारी बोंड बाहेर.

बोंड आपोआप बाहेर येत नाही. त्यासाठी बोल्टची मूठ उचलावी लागते. आणि मूठ उचलायला हात लागतो.

मी मॅक्सीनवर ओरडलो. ती म्हणाली, "मी त्या खोलीत पाय ठेवते का? तिथं डुकराचं मांससुद्धा गोठेल." खरं होतं. मी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. ती म्हणाली, "वा. आता घंटा बांध."

शनिवारी मी स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसलो होतो. साडेनऊ झाले असतील. उजेड चांगला होता, बाहेर बर्फावर ऊन होतं. मॅक्सीन माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती. मागच्या खोलीतून आवाज आला. मूठ वर, बोल्ट मागं, बोल्ट पुढं, मूठ खाली. चार आवाज. जन्मभर ऐकलेत मी ते. घाई नव्हती त्यात. धडा गिरवणाऱ्या माणसासारखं सावकाश, नीट.

मी कप धरून बसून राहिलो. मनात म्हटलं, पाइप. थंडीनं पाइप वाजतात. जुनं घर आहे, लाकूड आवळतं.

पुन्हा चार आवाज.

मॅक्सीन वळली नाही. नळ चालू ठेवूनच ओरडली, "ओरिन, पुरे कर ती खटखट! डोकं उठलंय माझं."

मी तिच्या मागं, दोन हात अंतरावर बसलो होतो. मी कप टेबलावर ठेवला, त्याचा आवाज तिला मागूनच आला. मग तिचे हात साबणात थांबले.

४

कुलूप जसंच्या तसं होतं. आत कुणी नव्हतं. बोंड बाहेर.

आणखी एक होतं. माझं स्टूल कारखान्यातलं आहे, स्क्रूवर फिरवून उंच-बुटकं करायचं. मी सहा फुटी माणूस, वीस वर्षांत ते हललेलं नाही. ते चार बोटं खाली उतरलेलं होतं.

ते मी पुन्हा वर फिरवलं. नंतर पेन्सिल घेतली आणि रायफलीच्या तोंडाखाली बाकावर एक रेघ मारली. का, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. आडणी थोडी वाकडी वाटली एवढंच.

रविवारी तोंड रेघेच्या अर्धा इंच डावीकडे होतं. मी दुसरी रेघ मारली. खाणीचे ट्रक रस्त्यावरून जातात, बाक हादरतं, असं स्वतःला समजावलं. रविवारी ट्रक नसतात, हे चर्चमधून परत येताना आठवलं.

सोमवारी ते हललं नाही. जिथं यायचं होतं तिथं आलेलं दिसत होतं. मी तालुक्याचा नकाशा आणला, होकायंत्र आणलं, नकाशावर ती रेघ भिंतीबाहेर वाढवली. लाकडाच्या वखारीवरून, मेथडिस्ट चर्चच्या मनोऱ्याशेजारून, ओढा ओलांडून ती डोंगरावर चढत होती. तिथं एकच इमारत आहे.

मी स्वतःला म्हटलं, कुठंही रेघ काढली तरी ती कशावर तरी पडणारच. हे खरंच आहे. लोक असल्या रेघांवर पुस्तकं खपवतात.

मंगळवारी सकाळी तोंड तीन इंच उजवीकडे होतं. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं हसलो. वृद्धाश्रमाचा काही संबंध नव्हता! ट्रकच होते! त्याच आनंदात पॉलीनला फोन लावला. बोल्ट सापडल्याचं सांगितलं आणि सहज विचारलं, "बाबा कसा आहे?"

"आज तिथं नाहीत ते. पहाटेच रुग्णालयात नेलंय, छातीचा फोटो काढायला. संध्याकाळी परत आणतील."

रुग्णालय गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी नकाशा बघितला नाही. त्याची गरज नव्हती.

५

बुधवारी मी डोंगरावर गेलो. मर्लची खोली कोपऱ्यातली. पडदा ओढलेला, पलंग भिंतीला लावलेला, नाकात नळी. माणूस इतका वाळला होता की पांघरुणाखाली कुणी नाही असं वाटावं. डोळे मात्र जागे.

"ये पोरा," तो म्हणाला. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, म्हणून मी जन्मभर पोरगाच. "बोल्ट तू घातलास."

"पॉलीननं सांगितलं?"

"पॉलीन मला लापशी कसली केलीय तेसुद्धा सांगत नाही. मला ऐकू येतं. सकाळी साडेनऊला. तू कॉफी पीत असतोस तेव्हा."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पुन्हा घातली.

"कुठून आणलास तो?"

"सदुसष्ट साली. बाजारात. बादलीतून."

"खोटं."

"मर्ल, मी उद्धट आहे, खोटारडा नाही."

"मी तो नदीत टाकला होता, पोरा. तिकडेच. पुलावर उभा राहून, या हातानं. पाण्यात पडल्याचा आवाज ऐकूनच हललो तिथून. तुम्ही संग्रह करणारे म्हणता, ढीग झाला, अदलाबदल झाली. या रायफलीची ढिगाशी गाठच पडली नाही. ती मी त्या जर्मन पोराच्या अंगाखालून काढली."

"मग हा दुसरा असेल. एकाच आकड्याचे बरेच असतात, पुढचं अक्षर—"

"तू पारखी ना? अख्खा तालुका तुझ्याकडे येतो ना? मग सांग. दुसरा आहे?"

मला त्या ३ची तुटकी वाटी दिसत होती.

"तू त्या दाराशी बसलायस," मर्ल म्हणाला, "त्याहून तो जवळ होता. कौलं पडलेली खोली होती. मी खिडकीकडे पाठ करून उभा, सिगारेट पेटवत. ठक असा आवाज आला. नुसता ठक. काडतूस खराब निघालं. मी वळलो. खिडकीबाहेर तो. टोप मोठा होता त्याला, डोळ्यांवर आला होता. तो मूठ उचलत होता. शिकवल्यासारखं, सावकाश. आणि मी..." तो नळीतून हवा ओढत राहिला. "त्यानंतर मी कधी खिडकीकडे पाठ करून बसलो नाही."

परिचारिका आत आली, घोटभर पाणी पाजून गेली. तो म्हणाला, "काढ तो. आजच."

"काढतो."

"आणि माझ्या पोरीला काही सांगू नकोस. तिला वाटतं तिच्या बापानं युद्धात स्वयंपाक केला."

६

काढला. दोन वाजता, भर उन्हात. बोल्ट कॉफीच्या डब्यात घातला, डबा गाडीत, गाडीला कुलूप. गुरुवारी बोल्टशिवायची रायफल डोंगराच्या रेघेवरच होती, हललेली नव्हती. शुक्रवारीही. साडेनऊला मॅक्सीन आणि मी दोघं समोरासमोर बसून ऐकत होतो. पाइपसुद्धा वाजला नाही. मॅक्सीन म्हणाली, "आता हे लोखंड घरातून काढशील?" मी म्हटलं, हो. मनात मात्र काय होतं सांगू? एकतीस वर्षांनी भेटलेले दोघं मी वेगळे केले, याचं वाईट वाटत होतं. हे मी लिहितोय कारण मला चांगलं दिसायचं नाहीये.

शनिवारी पॉलीन आली. तिनं बूट काढले नाहीत.

"बाबा तीन दिवस काही खात नाहीत. नुसते वाट बघतात. कशाची ते सांगत नाहीत. श्वास लागतो, निळे पडतात, मला वाटतं संपलं, आणि पुन्हा परत येतात. डॉक्टर म्हणतो असं कसं टिकून आहेत कळत नाही." ती रडत नव्हती, रडून झालं होतं. "तुम्हाला बोलावलंय. ते जे मागतील ते करा, मिस्टर फेल्कर. मला विचारू नका. करा."

मी गेलो. खोलीत पाऊल टाकलं आणि थांबलो. पडदा उघडा होता. पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्ये आणला होता, खिडकीकडे पाठ करून. त्या खिडकीतून खाली आमचं गाव दिसतं, वखार, मनोरा, आणि नीट बघितलं तर माझं छप्पर.

"परत घाल," मर्ल म्हणाला.

"वेड लागलंय तुला."

"ऐक पोरा. मला बोलायला हवा कमी पडते, दोनदा सांगणार नाही. तू काढलास आणि शांत झालं. मला वाटलं आता झोप लागेल. नाही लागली. काय कळलं माहितीय? तो आवाज थांबला तर मला जाताच येईना." त्यानं डोळे मिटले, उघडले. "त्रेपन्न वर्षं मी एका खराब काडतुसावर जेवतोय. लग्न केलं त्यावर. पोर झाली त्यावर. दर नाताळात मनात येतं, हे त्याचं ताट आहे."

"त्यानं मारलं असतं तुला. तू मारलंस. युद्ध होतं."

"तू नव्हतास तिथं."

ते खरं होतं. युद्ध संपलं तेव्हा मी सोळा वर्षांचा. जन्मभर मी त्याचं लोखंड पारखलं, त्यातला माणूस कधी हाताळला नाही.

"मी जल्लाद नाही, मर्ल."

"चाप ओढ म्हणतोय का कुणी तुला? तुझा सगळा धंदा काय आहे? ज्याचं जे, ते त्याच्या जागी ठेवणं. तेवढंच कर." मग तो हसल्यासारखा झाला. "आणि तसंही, पोरा, रिकामी आहे ना ती?"

रिकामीच होती. मी दहादा बघितली होती.

७

रविवारी सकाळी मॅक्सीनला सगळं सांगितलं. ती चर्चला गेली नाही. तिनं टेबलावरचं कापड नीट केलं, पुन्हा नीट केलं. म्हणाली, "तू नाही म्हणालास तर तो असाच पडून राहील?"

"माहीत नाही."

"हो म्हणालास तर?"

"तेही माहीत नाही. नुसतं लोखंड आहे, मॅक्सीन. त्यात काही नाही."

"मग घाल," ती म्हणाली. "त्यात काही नाही तर घाल."

नऊ वाजता मी कोट घालून मागं गेलो. खिडकीवर बर्फाची नक्षी होती आणि तिच्यातून पांढरा उजेड येत होता. बोल्ट सरकवला. मूठ खाली केली. या वेळी बोंड आत केलं नाही, बाहेरच ठेवलं, आणि वरची सेफ्टीची पट्टी उजवीकडे वळवली. ती तिकडे असली की कुणाच्या बापाच्यानं चाप ओढला जात नाही. मर्लनं सांगितलं ते अर्धं केलं आणि माझ्या मनानं सांगितलं ते अर्धं. असल्या वाटण्या करणारी माणसं मला जन्मभर आवडली नाहीत.

दार लोटलं. कुलूप लावलं नाही.

टेबलाशी बसलो. मॅक्सीननं कॉफी ओतली, दोघांनी प्यायली नाही. घड्याळ नको तितकं वाजत होतं. साडेनऊला काही झालं नाही. नऊ चौतीसला स्टूल फिरल्याचा आवाज आला. स्क्रूला तेल हवं होतं, ते कुरकुरलं. चार बोटं उतरायला जेवढे फेरे लागतात तेवढे फेरे. मग शांत. आणि मग एक बारीक, कोरडा आवाज, काडी मोडल्यासारखा.

सेफ्टीची पट्टी. डावीकडे.

मॅक्सीननं माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं आणि उठलो. पडवीच्या बोळातून सहा पावलं. दार वीतभर उघडं होतं. मी तिथून बघितलं.

कुणी नव्हतं. हे मी कुणाच्याही समोर सांगेन. बाक होतं, आडणी होती, बुटकं स्टूल बाकाला खेटून होतं, रायफल तिच्या रेघेवर होती. माझ्या तोंडातून वाफ निघत होती एवढी थंडी. मी श्वास रोखला, वाफ थांबावी म्हणून. माझी थांबली.

रायफलीवर, बोल्टच्या मागच्या बाजूला, जिथं गाल टेकवलेल्या माणसाचं तोंड येतं तिथं, लोखंडावर धुरकट ठिपका उमटला. नाण्याएवढा. विरला. पुन्हा उमटला. विरला. झोपलेल्या पोराचा श्वास असतो तसा, लहान, एकसारखा. माझ्या उंचीच्या माणसाचा श्वास तिथं पडत नाही. मी ते किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. मोजायला हवं होतं, मी सगळं मोजतो, पण मोजलं नाही.

दारापासून बाकापर्यंत तीन पावलं आहेत. तीन पावलं टाकून मूठ वर उचलली असती तर झालं असतं. मूठ वर असताना सुई पडत नाही. हे मला कुणी शिकवायला नको.

मला मनात मर्लची पाठ दिसत होती, पडदा उघडलेल्या खिडकीसमोर. त्यानं स्वतः वळवून घेतलेली. पॉलीन आठवली, बूट न काढता उभी असलेली. हात दाराच्या चौकटीवर होता, तो मी तिथंच ठेवला. मी आत गेलो नाही.

ठिपका उमटला, विरला, आणि मग उमटलाच नाही. नेम धरणारा माणूस शेवटी श्वास धरून ठेवतो. सगळे तसंच करतात.

ठक.

एवढंच. बोंड आत बसलं. बाहेर छपरावरून बर्फाचा एक तुकडा घसरला.

फोन किती वेळानं वाजला? मॅक्सीन म्हणते लगेच. मला वाटतं थोडं मध्ये गेलं. तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "ओरिन. पॉलीन असेल."

"आलो," मी म्हटलं.

पण आधी कापड घेतलं. ओलं लोखंड मी तसंच ठेवत नाही, कुणाचंही असो. बोल्टवर तो शेवटचा ठिपका अजून थोडा होता. मी तो पुसला. कोमट होता.